रुंद स्की की मापाचे बूट? तारकर्लीच्या एका स्कीअरचं प्रकरण

माझी भाची तारकर्लीची. घरचा होम-स्टे आहे आणि पर्यटनाच्या हंगामात ती स्कूबाच्या बोटीवरही काम करते. वय ३१, उंची १६२ सेंटिमीटर, वजन ५९ किलो. लहानपणापासून समुद्रात पोहलेली, त्यामुळे दम आणि मांड्या दोन्ही दणकट. गुलमर्गला केंद्र सरकारची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था आहे. तिथला प्राथमिक कोर्स तिनं केला, पुढच्या वर्षी मधला केला, आणि तेव्हापासून तिला दरवर्षी बर्फाची ओढ लागते. मी हिवाळ्यात काही आठवडे गुलमर्गला असतो. नवख्यांना उतारावर सोबत करायची आणि त्यांच्या बूट-स्कीची मापं जुळवून द्यायची, हे माझं काम.

गेल्या हिवाळ्यात ती आली त्याच संध्याकाळी तिनं मोबाइलवर एक फोटो दाखवला. परत जाणारा एक परदेशी पर्यटक आपली स्की विकत होता. लांबी १८४ सेंटिमीटर, कमरेची रुंदी, म्हणजे बुटाखालची सगळ्यात अरुंद जागा, ११६ मिलिमीटर, बाइंडिंगसकट (बूट स्कीला अडकवून धरणारी पकड). किंमत नव्या जोडीच्या मानानं फारच कमी. ‘‘मामानू, माका हीच जोडी व्हयी. स्वस्तात गावता.’’

ती जोडी तिनं घेतली नाही. का नाही घेतली आणि त्याऐवजी काय ठरलं, ते इथे सविस्तर लिहितो आहे. कोकणातून, पुण्या-मुंबईतून गुलमर्ग-औलीला जाणारी मंडळी आता वाढली आहेत. दोन कोर्स झाले की प्रत्येकाला स्वतःची स्की घ्यावीशी वाटते, आणि बहुतेकजण व्हिडिओत पाहिलेली स्की घेतात.

ती उतरते कशी, आणि कुठे

स्की निवडताना पहिला प्रश्न स्कीचा नसतोच. माणूस आज कसा वळतो आणि त्याचे बर्फावरचे जास्तीत जास्त तास कुठे जातात, हे आधी बघावं लागतं. पुढच्या वर्षी तो कसा वळेल यावर खरेदी करू नये.

तिच्या तासांचा हिशेब कोकणच्या हंगामावरून ठरतो. नाताळपासून ३१ डिसेंबरपर्यंत तारकर्लीत पाय ठेवायला जागा नसते. २६ जानेवारीला जोडून सुट्ट्या आल्या की पुन्हा तीच गर्दी, मग शिमगा, मग मे महिना. तिला मोकळे मिळतात ते फेब्रुवारीचे पहिले दोन आठवडे. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा चिल्लई कलान असतो, त्यानंतर २० दिवसांचा चिल्लई खुर्द. म्हणजे ती येते चिल्लई खुर्दात. नशीब असेल तर नवा बर्फ, नाहीतर दाबून कडक झालेला जुना.

नशिबाचं म्हणतो ते उगाच नाही. २०२४ चा जवळजवळ सगळा जानेवारी गुलमर्ग कोरडं होतं, बर्फ आला तो महिन्याच्या अखेरीला. २०२५ मध्ये बर्फ कमी म्हणून ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. वर्षाकाठी दोनच आठवडे मिळणाऱ्या माणसानं खोल पावडर, म्हणजे नवा भुसभुशीत बर्फ, मिळेलच असं धरून स्की घेऊ नये.

जागांचं म्हणाल तर तिची सकाळ जाते गुलमर्गच्या मैदानाजवळच्या सोप्या उतारांवर, साधारण २,६५० मीटर उंचीवर. नंतर गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, पहिल्या टप्प्यानं कोंगडोरीला, म्हणजे ३,१०० मीटरच्या आसपास जायचं आणि तिथून झाडांतल्या वाटेनं खाली यायचं. हा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, आपली कोकण रेल्वे पूर्ण झाली त्याच वर्षी. दुसरा टप्पा २००५ चा. तो अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ३,९५० मीटरवर नेतो. वरचा तो भाग यंत्रानं दाबून घेतलेला नसतो. तिथे उतरायचं तर वाटाड्या, बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव देणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि त्या दिवसाची हिमस्खलनाची माहिती हे सगळं सोबत हवंच. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले. भाची तिथे वाटाड्यासोबत जाऊन आली आहे, पण तिच्या दहा तासांतले आठ तास कोंगडोरीच्या खालीच जातात.

आता तिचं उतरणं. सोप्या उतारावर तिची पॅरलल टर्न, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून घेतलेलं वळण, नीट बसते. उतार जरा उभा झाला की वळणाच्या सुरुवातीला मागची टोकं फाकतात आणि स्नोप्लाऊ, म्हणजे पुढची टोकं जवळ आणून उतरायची नवख्यांची पद्धत, परत येतो. डावीकडचं वळण उजवीकडच्यापेक्षा कच्चं. वेग वाढला की वजन टाचांवर जातं, पुढची टोकं हलकी पडतात आणि स्की ऐकेनाशी होते. हे स्कीच्या अरुंदपणामुळे होतं, रुंद स्की स्थिर राहील, असं तिला वाटत होतं. इथे मी तिला बूट काढायला लावले.

सगळी गोम बुटात

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

तिच्या नडग्यांवर पुढच्या बाजूला निळे डाग होते, दोन्ही पायांना. बूट भाड्याचे, माप २५.५. स्की-बुटाचं माप म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी. भिंतीला टाच लावून तिला उभं केलं आणि मोजलं तर पाय भरला २४.१. वर बूट सैल लागतो म्हणून तिनं मोज्यांचे दोन जोड घातले होते, त्यातला एक जाड लोकरीचा.

मग कवचाची चाचणी. बुटातलं मऊ अस्तर बाहेर काढायचं, नुसत्या प्लॅस्टिकच्या कवचात उघडा पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघायचं. एक ते दोन बोटं बसली तर माप ठीक. तिच्या टाचेमागे माझी तीन बोटं गेली, आणि वर ती हलवायलाही जागा उरली.

याचा परिणाम उतारावर कसा होतो ते तिला चटकन कळलं, कारण तिचा धंदाच पाण्यातला. सैल फिन घालून लाथ मारली की पाय आतल्या आत फिरतो आणि पाणी ढकललंच जात नाही. सैल बुटात तसंच होतं. गुडघा वळतो, घोटा वळतो, पण स्कीपर्यंत ते पोहोचायला उशीर होतो. तोवर माणूस घाबरून मागे रेलतो, नडगी बुटाच्या कडेवर आपटते आणि तिथे डाग पडतात. डावा पाय तिचा किंचित बारीक आहे. डावीकडचं वळण कच्चं असण्यात त्याचाही वाटा असावा असं मला वाटतं.

‘‘आधी बूट बघ, मगे स्की,’’ मी म्हटलं. तिला ते फारसं आवडलं नाही. बुटाचा फोटो कोणी काढत नाही.

बाजारातल्या एका दुकानात दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस गेला. शेवटी २४.५ मापाचे बूट निघाले. बहुतेक कंपन्या २४ आणि २४.५ ला कवच एकच वापरतात, फरक अस्तराचा किंवा आतल्या तळाचा असतो, त्यामुळे या अर्ध्या मापावर जीव टाकायचं कारण नसतं. पंजाची आतली रुंदी १०० मिलिमीटर, तिच्या पायाला बरोबर. फ्लेक्स ८०. फ्लेक्स म्हणजे घोट्यातून पुढे झुकताना बूट किती विरोध करतो त्याचा आकडा. तो सगळ्या कंपन्यांचा एकसारखा नसतो, म्हणून आकडा बघून न घेता दुकानात वाकून बघायचं. उबदार दुकानात प्लॅस्टिक मऊ लागतं, बाहेर उणे तापमानात तेच कडक होतं, हेही धरून चालायचं. तिच्या वजनाला आणि आजच्या सफाईला ११०-१२० चा बूट म्हणजे नडग्यांना पुन्हा तीच शिक्षा झाली असती.

बूट घालून उभं राहिलं की बोटं पुढे हलकेच टेकली पाहिजेत, आणि गुडघे पुढे वाकवले की ती मागे सुटली पाहिजेत. मोजा एकच, पातळ. ते घालून ती दुकानात बसून राहिली. चहा झाला, गप्पा झाल्या, आणि कुठे मुंग्या येत नाहीत हे बघूनच पैसे दिले.

पुढचे दोन दिवस स्की तीच, भाड्याची. उभ्या उतारावरचा स्नोप्लाऊ जवळजवळ गेला. मी तिला शिकवलं असं काही नाही. पायाचं बोलणं स्कीला पहिल्यांदाच ऐकू गेलं.

तीन जोड्या

बूट जमल्यावरच स्कीची तुलना करण्यात अर्थ होता. तीन जोड्या भाड्यानं घेतल्या आणि त्याच उतारावर, आधी सकाळच्या कडक बर्फात आणि नंतर दुपारी, उतरून पाहिल्या.

पहिली १५० सेंटिमीटरची, कमर ७४ मिलिमीटर, वळणाची त्रिज्या १२-१३ मीटर (ती जितकी कमी, तितकं स्कीचं वळण आखूड). कडक बर्फावर चपळ, एका कडेवरून दुसरीवर झटकन जाणारी. शिकायला उत्तम. पण घोटाभर नवा बर्फ पडला की तिचं टोक आत बुडायचं आणि भाची पुढे कोलमडायची.

दुसरी १६० सेंटिमीटरची, कमर ८८, त्रिज्या १५ च्या आसपास. बुटाखाली कॅम्बर, म्हणजे सपाट जागी ठेवली तर मधला भाग किंचित वर उचललेला असतो आणि वजन पडलं की दाबून पूर्ण कड बर्फात बसते. पुढच्या टोकाला थोडा रॉकर, म्हणजे टोक लवकर वर वळायला लागतं. तसं असलं की मऊ बर्फात ते बुडत नाही.

तिसरी १७० ची, कमर १०६, दोन्ही टोकांना रॉकर.

सकाळी नऊच्या सुमाराला उतार नुकताच दाबून घेतलेला होता. ती उतरून गेल्यावर मी वर चढून तिच्या खुणा पाहिल्या. ८८ वाल्या जोडीच्या खुणा दोन बारीक रेघा होत्या, वळणाच्या अखेरीस जराशा पसरलेल्या. १०६ वाल्यांच्या खुणा सुरुवातीपासूनच हातभर रुंद आणि खरवडलेल्या होत्या. म्हणजे कड बसतच नव्हती, स्की बाजूला घसरत होती. वळण होत होतं, पण ते घसरून. तिला स्वतःला यातला फरक फारसा जाणवला नव्हता. खुणा दाखवल्यावर ती बराच वेळ बघत राहिली.

दुपारी तिनं गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतंय म्हणून सांगितलं. याचं कारण साधं आहे. कडक बर्फावर स्कीची फक्त कड टेकते. कमर जितकी रुंद, तितकी ती कड पायाच्या मध्यापासून लांब, आणि स्कीला कडेवर धरून ठेवायला घोट्याला व गुडघ्याला तितकीच जास्त ताकद लावावी लागते. दिवसभर हे करायचं तर पाय तयार हवेत आणि तंत्रही. खोल बर्फात हा त्रास होत नाही, कारण तिथे बर्फ स्कीच्या सगळ्या तळाला आधार देतो.

तिच्या सुदैवानं मुक्कामातल्या एका रात्री गुडघ्याखाली येईल इतका बर्फ पडला. सकाळी १०६ वर ती खरोखर खूश होती. मग त्याच बर्फात ८८ वर पाठवली. थोडी जास्त खाली बसली, पण बुडाली नाही. इथे वजनाचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते लोक तो सगळ्यात जास्त विसरतात. व्हिडिओत अफरवट उतरणारा गडी ८५-९० किलोचा असतो. त्याला तरंगायला जेवढा तळ लागतो, तेवढा ५९ किलोच्या मुलीला लागत नाही. लांबीचंही तसंच. स्कीला उंचीपेक्षा वजन आणि वेग जास्त कळतो. तिच्या कोर्समधल्या एका जुन्या प्रशिक्षकांनी तिला सांगितलं होतं की हात वर केला की मनगटापर्यंत येईल एवढी स्की घ्यावी. सरळ स्कीच्या काळात ते बरोबरच होतं. १९९० च्या दशकात एलान कंपनीच्या एससीएक्सपासून कमरेत बारीक, टोकांना रुंद स्की आल्या आणि लांब्या झपाट्यानं उतरल्या. आज मधल्या पातळीच्या माणसाला हनुवटी ते डोक्याचा माथा या दरम्यानची लांबी पुरते. हलका आणि सावध असेल तर खालच्या बाजूला, वजनदार आणि वेगाचा असेल तर वरच्या बाजूला.

अतिरुंद स्की वाईट नाहीत. २००२ मध्ये शेन मॅकॉन्की या स्कीअरच्या कल्पनेतून व्होलांट कंपनीची स्पॅट्युला आली. तिचा आकारच उलटा होता, मध्ये खाली आणि टोकांना वर, आणि खोल बर्फातलं उतरणं तिनं बदलून टाकलं. पण ती ज्या बर्फासाठी केली होती, त्या बर्फात भाचीचे दहातले दोन तास जातात.

११६ वाली जोडी

ती विकायला असलेली स्की आम्ही हातात घेऊन पाहिली. तळ ठीक होता, एक-दोन ओरखडे दगडाचे. लाकडी गाभ्याच्या वरखाली टायटनलचे पत्रे. टायटनल म्हणजे ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. त्यानं स्की वेगात थरथरत नाही, पण जड आणि ताठ होते, आणि हळू उतरणाऱ्याच्या हाताखाली वाकतच नाही. हे सगळं एक वेळ पुढेमागे जमलंही असतं.

मी नको म्हटलं ते बाइंडिंग पाहून. त्यावरचा आकडा ६ पासून सुरू होऊन १६ पर्यंत जात होता. पडल्यावर बूट किती जोरानं सुटावा हे त्या आकड्यावर ठरतं. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि उतरण्याची पद्धत यांवरून तंत्रज्ञ प्रमाणित कोष्टकातून तो काढतो. भाचीचा आकडा ४ ते ५ च्या दरम्यान येतो. म्हणजे ते बाइंडिंग पूर्ण सैल केलं तरी तिच्यासाठी घट्टच राहणार. ती आडवी पडली तर बूट सुटायच्या आधी गुडघ्यातला अस्थिबंध सुटेल. शिवाय ते बसवलं होतं ३१७ मिलिमीटर तळाच्या बुटासाठी, तिच्या नव्या बुटाचा तळ २७७. चाळीस मिलिमीटरचा फरक त्या बाइंडिंगच्या सरकण्यात बसत नव्हता. नवी भोकं पाडावी लागली असती. नवं बाइंडिंग घ्यायचं तर स्वस्तपणा तिथेच संपला.

त्या पर्यटकाला तिनं स्वतः जाऊन नाही म्हणून सांगितलं. त्यालाही पटलं. तो स्वतः सहा फुटांच्या वर होता.

तारकर्लीत स्की ठेवायची कुठे

ही बाजू गुलमर्गच्या दुकानदाराला सुचत नाही, कारण त्याला खारा वारा माहीत नाही. स्कीच्या कडा पोलादाच्या असतात, जेमतेम दोन मिलिमीटर रुंद. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर खिडकीचे गज रंग देऊनही दोन पावसाळ्यांत फुलतात, तिथे या उघड्या कडा गंज धरणारच. गंजलेली कड घासून काढता येते, पण दरवेळी पोलाद थोडं कमी होतं, आणि ते परत येत नाही.

तरी घरी ठेवायचीच असेल तर मार्ग आहे. परत आल्यावर गोड्या पाण्यानं पुसून दोन दिवस सुकवायची, तळावर इस्त्रीनं मेणाचा जाड थर द्यायचा, तो कडांवरही ओघळू द्यायचा आणि खरवडायचा नाही. पुढच्या हिवाळ्यात बर्फावर जायच्या आधीच खरवडायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नये, आत दमट हवा कोंडते. पत्र्याखालच्या माळ्यावरही नको, मे महिन्यात तिथे फार तापतं. आतल्या खोलीत, फडताळात, जमिनीपासून वर. बाइंडिंगच्या आत वंगण असतं. तिथे गंज सोडवायचा फवारा मारून ते धुऊन काढू नये.

बुटाची काळजी त्यापेक्षा सोपी, पण जुलैत हयगय चालत नाही. अस्तर बाहेर काढून वेगळं सुकवायचं, नाहीतर बुरशी धरते आणि तो वास जात नाही. पूर्ण सुकलं की परत आत घालून बकल सैलसर लावून ठेवायची, म्हणजे कवचाचा आकार बिघडत नाही.

हा सगळा विचार करून असं ठरलं की बूट तिचे, ते तारकर्लीला घेऊन जायचे. स्की या वर्षी भाड्याची, आणि पुढे विकत घेतली तरी ती गुलमर्गातच ओळखीच्या दुकानात ठेवायची. कुडाळहून रेल्वेनं मुंबई, तिथून विमानानं श्रीनगर, मग टंगमर्गपासून साखळ्या लावलेल्या गाडीनं वर. या प्रवासात बुटांची पिशवी पाठीवर येते. स्कीची पिशवी प्रत्येक टप्प्यावर कुणालातरी विनवण्या करायला लावते.

भाड्याची स्की घेण्यात कमीपणा वाटून घेऊ नये, हे मी प्रत्येकाला सांगतो. वर्षाला दहा-बारा दिवस उतरणाऱ्याला भाड्यानं तीन प्रकारच्या स्की आजमावता येतात, बर्फ पाहून सकाळी बदलता येतात, आणि पातळ बर्फाखालच्या दगडानं तळ फाटला तर जीव हळहळत नाही. बुटाचं तसं नाही. भाड्याचा बूट शंभर पायांनी पसरलेला असतो.

जूनमध्ये, पाऊस लागल्यावर, तिचा फोन आला. अस्तरं सुकवून झाली होती. पुढच्या फेब्रुवारीत स्की घ्यायचीच असं तिनं ठरवलं होतं, आणि दुकानदाराला पाठवायला मजकूर मागत होती. मी लिहून दिलं ते असं: लांबी १५८ ते १६२ सेंटिमीटर. कमर ८६ ते ९०. त्रिज्या १४ ते १६ मीटर. बुटाखाली कॅम्बर, पुढे रॉकर, मागे अगदी थोडा. लाकडी गाभा, टायटनलचे पूर्ण पत्रे नकोत. बाइंडिंगचा आकडा ३ किंवा त्याखालून सुरू होणारा, बुटाचा तळ २७७. बायकांसाठी म्हणून विकली जाणारी असो वा नसो, वाकवून बघायची आणि वजन हातात घेऊन बघायचं. रंग कुठलाही.

रंगाच्या ओळीवर तिनं काट मारली आणि ‘निळा’ असं लिहून पुढे पाठवलं.